वाघजाळे गुरुजींची तीन रकान्यांची वही

त्र्यंबकराव वाघजाळे गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ठोकलेल्या एका खुंटीजवळ ते उकिडवे बसले होते. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अलीकडे बोरगव्हाण नावाचे गाव आहे. गावाच्या उत्तरेला ओढ्याकाठी पांढरीचे टेकाड आहे. जुनी वस्ती नांदून मोडलेल्या जागेची माती राखेमुळे पांढुरकी दिसते, म्हणून आपल्याकडे अशा जागेला पांढरी म्हणतात. त्या टेकाडाच्या चारही बाजूंनी लाल पट्ट्याच्या खुंट्या मी सकाळीच ठोकल्या होत्या. आतली माती ओढ्यावरच्या नव्या तलावाच्या बांधासाठी उचलायचा बेत होता.

"ही खुंटी वीतभर सरकवली तर तुमच्या मोजणीत फार फरक पडेल का?" गुरुजींनी विचारले.

मी म्हटले, "पडेल. कशासाठी?"

"खाली चूल आहे."

मी आजूबाजूला पाहिले. घर सोडाच, तिथे झोपडीही नव्हती. "कुणाची?"

"नाव ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "तीन हजार वर्षं झाली असावीत. कमीजास्त."

मी तेव्हा अभियांत्रिकीची पदविका घेऊन नुकतीच नोकरीला लागले होते. कामात अडथळा आणणाऱ्या माणसांशी कमी बोलावे, असे मला शिकवले गेले होते. मी टेप काढला, खुंटी वीतभर सरकवली आणि नकाशावर तशी दुरुस्ती केली. गुरुजींनी आभार मानले. मग त्यांनी कापडी पिशवीतून एक वही काढून तीत काही लिहिले. काय लिहिले ते मी विचारले नाही. आमची ओळख झाली ती एवढ्यावर.

गुरुजींच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितील, त्यांचे सहकारी शिक्षक लिहितील. मी त्यांच्यापैकी कुणी नाही. गुरुजींचा आणि माझा प्रत्यक्ष संबंध एका उन्हाळ्याचा आणि त्यानंतरच्या पत्रव्यवहाराचा. तेवढ्याबद्दलच मी लिहीन, कारण तेवढेच मला माहीत आहे.

गुरुजींनी गावच्या शाळेत तीसहून अधिक वर्षे इतिहास-भूगोल शिकवला. शाळेतल्या मुलांनाही ते 'तुम्ही' म्हणत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. पांढरीवर ते पहिल्यांदा गेले ते धड्यातली एक गोष्ट मुलांना पटेना म्हणून. माणूस शेती करू लागला, एका जागी राहू लागला, मडकी घडवू लागला, असे धड्यात होते. "कुठं?" असे एका मुलीने विचारले. गुरुजींनी वर्ग उठवला आणि टेकाडावर नेला. तिथे लाल मडक्याचे, काळ्या रेघांची नक्षी असलेले खापर मुलीच्याच पायाखाली निघाले. "इथं," गुरुजी म्हणाले. त्या दिवसापासून दर रविवारी ते तिथे जात राहिले.

त्यांनी स्वतः कधी खणले नाही. पुरातत्त्वाचे शिक्षण नसताना खणणे म्हणजे पुस्तकाची पाने न वाचता फाडणे, असे ते म्हणत. पण गाव खणत होतेच. आपल्याकडच्या जुन्या घरांवर मातीचे सपाट छप्पर असते, ते माळवद. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी मातीचा नवा थर द्यावा लागतो, आणि बोरगव्हाणची माळवदे पिढ्यान्पिढ्या याच टेकाडाच्या मातीने झाकली गेली. गुरुजींनी कुणाला अडवले नाही. लोकांच्या डोक्यावरचे छप्पर गळू द्यायचे का, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने निकाली निघालेला होता. त्यांनी एवढेच केले, की वैशाखात माती काढायचा दिवस ठरवून घेतला, एकच कोपरा ठरवून घेतला आणि त्या दिवशी चाळणी घेऊन स्वतः तिथे बसू लागले. टोपलीभर माती चाळून द्यायची, वर राहिलेले खापर, मणी, हाडाचा तुकडा आपल्याकडे ठेवायचा आणि तो किती खोलीवर निघाला ते वहीत लिहायचे. लोकांना चाळलेली माती फुकट मिळू लागली, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

त्या वहीबद्दल मला विशेष लिहायचे आहे. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असत. पहिल्यावर लिहिलेले असे 'दिसले', दुसऱ्यावर 'वाटले' आणि तिसऱ्यावर 'ठाऊक नाही'. चुलीची जळलेली माती पहिल्या रकान्यात. घराचे तोंड पूर्वेला असावे, हे दुसऱ्या रकान्यात. ही माणसे कुठून आली, कुठे गेली, हे तिसऱ्या. मी पुढे अनेक अभियंत्यांच्या नोंदवह्या पाहिल्या. पाहिलेले आणि वाटलेले इतके काटेकोरपणे वेगळे ठेवणारी वही मला दुसरी दिसली नाही.

आता त्या उन्हाळ्याकडे येते.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावाला टँकर लागला होता. गावातली बरीच घरे दसरा झाला की ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. त्या वर्षी राहिलेलीही गेली. गावकऱ्यांनी आपली पाणी सहकारी संस्था काढली होती. ओढ्यावर साठवण तलाव बांधायचा आणि त्याचे पाणी सर्व सभासदांनी वाटून घ्यायचे, असे ठरले होते. संस्थेचे अध्यक्ष होते वाघजाळे गुरुजी. मृगाच्या आत बांध उभा राहिला तर पहिल्या पावसाचे पाणी अडणार होते. नाहीतर आणखी एक वर्ष.

ते आणखी एक वर्ष म्हणजे काय, हे मला गयाबाईंनी सांगितले. गयाबाई साठीच्या पुढच्या. आयुष्यभर ऊस तोडून गुडघे गेलेल्या. मी मोजणी करत असताना त्या टोपलीत शेण्या घेऊन थांबल्या.

"म्याडम, तळं व्हतंय का न्हाई यंदा?"

"माती मिळाली तर होईल."

"व्हऊ द्या बया. माजी नात नववीला हाय. औंदा तिच्या मायसंगं तोडीला गेलती. आता सासर बगायलेत, मंजी नवऱ्यासंगं जोडीनं कोयता हाती येतंय. पाणी आलं तर घरी ऱ्हाईल, शाळंला जाईल." आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "तुमच्यावानी दुर्बीण लावून बगंल."

बांधाला मातीच माती लागते. चांगली काळी माती होती ती ओढ्याकाठच्या सात सभासदांच्या वावरांत, आणि गावातली सर्वांत कसदार जमीन तीच. टेकाड मात्र गायरानात होते, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथून माती उचलली तर कुणाच्या वावराला हात लागणार नव्हता. संस्थेचे उपाध्यक्ष भानुदास आबा यांनी तसा ठराव मांडला. आबा गावातले मोठे जमीनदार, पुढारी आणि गुरुजींचे शाळेतले सोबती. चारचौघांतही गुरुजींना अरेतुरे करणारा माणूस त्या गावात एकच.

ठरावाच्या दिवशी गुरुजी अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठले आणि समोर सतरंजीवर जाऊन बसले.

"हे काय बे तिरमक?" आबा म्हणाले.

"या विषयात मी पक्षकार आहे. मला टेकाड वाचायला हवंय. पक्षकारानं खुर्चीत बसू नये."

"मेल्या मानसाच्या चुलीपायी जित्या मानसाला तहानेलं ठेवतूस का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर खाली बसलो. तुम्ही ठरवा. फक्त ती माती बांधाला चालते का, हे आधी तपासून घ्या."

"आरं, त्याला तपासायचं काय? आज्याच्या काळापासून माज्या माळवदावर हीच पांढरी हाय. थेंब गळत न्हाई!"

सभा हसली आणि माना डोलल्या. माझीही मान डोलली असावी. माझे बालपण उमापूरला अशाच माळवदाखाली गेले. पांढरी गळत नाही, हे मी अभियांत्रिकी शिकण्याच्या कितीतरी आधी शिकले होते.

मातीचा नमुना मी घेतला. टेकाडाच्या उत्तर कडेला माती भुसभुशीत होती, खणायला सोपी होती. नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला, माती बांधाच्या गाभ्याला योग्य. गाभा म्हणजे बांधाच्या पोटातला पाणी अडवणारा भाग. तो टिकला तर बांध टिकतो.

अहवाल गुरुजींच्या हाती मीच दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"ठीक आहे. मग घ्या माती. मला दहा दिवस द्याल? जे जाणार आहे ते लिहून तरी ठेवतो."

मी माझ्या वरिष्ठांना विचारून दहा दिवस दिले. गुरुजींनी पुरातत्त्व खात्याला, आधीच्या पत्रांवर काही झाले नसतानाही, आणखी एक पत्र लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टेकाडावर हजर झाले. पूर्वी लोकांनी माती नेल्यामुळे जी उभी कड उघडी पडली होती, ती त्यांनी खुरप्याने साफ केली आणि थरामागून थर कागदावर काढू लागले. मोजमापासाठी मी मदतीला राहिले. मला दुसरे काम नव्हते, एवढेच त्याचे कारण मी तेव्हा स्वतःला दिले.

आठव्या दिवशी त्या कडेत एक मोठा गोल खड्डा उभा चिरलेला दिसला. वर तोंड अरुंद, खाली पोट रुंद, पुरुषभर खोल, आतून चुन्यासारखा पांढरा लेप. तळाशी जळून कोळसा झालेले दाणे होते. गुरुजी आणि मी त्याचा उपयोग काय असावा यावर बोलत होतो. मी पाण्याची टाकी म्हणत होते. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेल्या गयाबाई मागून म्हणाल्या,

"पेव हाय ते."

आम्ही वळलो.

"आमच्या सासऱ्याच्या वाड्यात व्हतं. जवारी ठिवायचं. असंच, वर ल्हान तोंड, आत पोट मोठं." त्या पुढे आल्या, वाकल्या आणि एकदम ओरडल्या, "आगं, उतरू नगा कुनी! पेव उघडलं की आर्दा दिस तोंड मोकळं सोडायचं आस्तंय. लगी उतरलं की मानूस जातंय."

त्यांचे म्हणणे खरे होते. धान्याच्या बंद पेवात विषारी वायू साठतो. पण हे पेव मातीने गच्च भरलेले होते आणि एका बाजूने पूर्ण उघडे होते. वायूचा प्रश्नच नव्हता. मी तसे समजावून सांगू लागले.

"भरलं आसंल," गयाबाई म्हणाल्या. "पर पेव हाय नव्हं?"

गुरुजींनी खुरपे खाली ठेवले. "बाई म्हणतात ते बरोबर आहे. दुपारनंतर उतरू."

आमच्याकडे तो दिवस धरून तीनच दिवस उरले होते आणि त्यातला अर्धा दिवस आम्ही एका बाभळीखाली बसून घालवला. मला ते पटले नव्हते आणि मी ते बोललेही. गुरुजी म्हणाले, "हा नियम पहिल्यांदा कुणी केला असेल? कुणीतरी त्या खड्ड्यात उतरून मेलं असेल तेव्हाच केला असेल. तो तोंडातोंडी इथवर आला. आम्ही खापरं गोळा करतो. ह्या बाईंनी ते सांभाळलं. त्यांच्यासमोर तो मोडायचा?"

त्याच बाभळीखाली मी त्यांना विचारले, की संस्कृतीची सुरुवात नेमकी कशाला म्हणायची. चूल, मडके, की घर? प्रश्न मी थोडा आव्हान म्हणून विचारला होता.

गुरुजी म्हणाले, "पुस्तकात शेती म्हणतात, गाव म्हणतात, लिपी म्हणतात. ते असेल. मला वाटतं, ते पेव बघा. आत बियाणं आहे. पाऊस झालेला नाही. घरात लेकरं भुकेली आहेत. आणि तरी त्या बियाण्याला हात लावायचा नाही, असं चारचौघांत ठरलं आणि ते पाळलं गेलं. तो दिवस. ती सुरुवात."

"याला पुरावा नाही," मी म्हटले. "पेव मोठे आहे, एवढेच दिसते. एका मोठ्या कुटुंबाचेही असेल. आणि दाणे बियाण्याचे होते की खायचे, हेही कळत नाही."

"बरोबर," गुरुजी म्हणाले आणि ते सगळे त्यांनी 'वाटले'च्या रकान्यात लिहिले. माझ्या दोन्ही शंका त्यांनी तिसऱ्या रकान्यात, माझ्या नावानिशी लिहिल्या. दुपारी उतरून गयाबाईंनी एक दाणा तळहातावर घेतला आणि "हुलगं दिस्त्यात" म्हणाल्या. तेही त्यांच्या नावानिशी दुसऱ्या रकान्यात गेले.

दहाव्या दिवशी गुरुजींनी टेकाडाच्या कडांचा पूर्ण केलेला नकाशा माझ्यापुढे ठेवला. "तुमचा नमुना कुठला, ते यावर दाखवाल?"

मी उत्तर कडेवर बोट ठेवले. माझ्या बोटाखाली गुरुजींनी बारीक अक्षरात लिहिले होते, 'काळी माती, अलीकडचा भराव'. पूर्वी कधीतरी तिथून कुणीतरी माळवदासाठी पांढरी नेली होती आणि तो खड्डा पुढे जवळच्या विहिरीतून निघालेल्या काळ्या मातीने बुजवला गेला होता. मी टेकाडाची माती म्हणून वावराची माती तपासायला पाठवली होती.

गुरुजी म्हणाले, "माझं ऐकू नका. मला टेकाड वाचायला हवंय, हे तुम्हाला माहीत आहे. अशा माणसाच्या डोळ्याला हवं तेच दिसतं. स्वतः खणून बघा."

मी खणले. सव्वा हातावर रबरी चपलेचा पट्टा निघाला. यापुढे शंकेला जागा नव्हती.

नवा नमुना पाठवून अहवाल येईपर्यंत मृग उलटला असता, आणि खोदाई दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. माझ्या वरिष्ठांना फोन केला. अहवाल योग्य म्हणतो तर पुढे जा, असे त्यांनी सांगितले. गप्प राहणे सोपे होते आणि त्यात माझी नोकरीही सुरक्षित होती. बांध फुटला असता तर पुढे कधीतरी फुटला असता. पण फुटला असता तर त्याच्या खाली गाव होते. गुरुजींनी मला काय करावे, हे एका शब्दाने सुचवले नाही. फक्त जाताना विचारले, "तुम्हाला उद्या काही सामान लागेल का?"

मी म्हटले, "तेलाचे दोन रिकामे डबे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर सभासद जमले. नमुना मी चुकीच्या जागेवरून घेतला, चूक माझी आहे, अहवाल या टेकाडाला लागू होत नाही, हे मी सांगितले. सांगायला एक मिनिटही लागले नाही.

आबा उठले. "मंजी तिरमकनं कान भरले म्हून तुमी आता येगळं बोलायलात."

"म्हणूनच माझ्या शब्दावर जाऊ नका," मी म्हटले. डब्यांच्या तळाला मी सारखीच भोके पाडली होती. एकात टेकाडाची पांढरी, दुसऱ्यात ओढ्याकाठची काळी, दोन्ही सारख्याच ओलीने, सारख्याच धुमसाने ठोकून भरल्या. वरून काठोकाठ पाणी भरायचे होते, आणि पाणी टँकरचे. कुणी हलेना. गयाबाई घरी गेल्या आणि आपल्या दोन कळशा घेऊन आल्या. "वता," म्हणाल्या.

दुपारपर्यंत दोन्ही डब्यांचे तळ कोरडे. आबांनी प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला पांढरीचा डबा दाखवला. "बगा! माज्या माळवदावानी!" लोक जेवायला गेले. मी गेले नाही. गुरुजीही गेले नाहीत. ते पारावर पेपर वाचत बसले होते आणि अर्ध्या तासात त्यांनी पान उलटले नव्हते.

तीनच्या सुमारास पांढरीच्या डब्याखाली ओल दिसली. मग एक थेंब. थेंब दुधाळ होता, म्हणजे पाणी मातीला सोबत नेत होते. पाचच्या आत धार लागली आणि वरच्या मातीत बोट जाईल एवढे भगदाड पडले. काळीचा डबा तसाच उभा होता. आबांनी त्या भगदाडात खरोखरच बोट घातले.

"कावून गळलं हे? माळवद गळत न्हाई, मंग हे कावून गळलं?"

मी सांगितले, की माळवदाला उतार असतो. पाणी पडते आणि वाहून जाते. शिवाय आपण दरवर्षी नवा थर देतो. बांधाला पाणी महिनोन्महिने टेकून राहते आणि दाबत राहते.

आबांनी विचार केला. "मंजी माळवदावर पाणी पाव्हनं आस्तंय," ते म्हणाले, "अन् बांधाला घरजावई."

पार हसला. मला त्याहून अचूक स्पष्टीकरण आजही सुचत नाही आणि मी ते प्रशिक्षणात वापरते.

पण हसू लवकर ओसरले. पांढरी चालत नाही, याचा अर्थ काळी लागणार. काळी कुणाची, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि कुणीही कुणाकडे पाहत नव्हते. दोन वर्षांच्या दुष्काळानंतर वावरातली हातभर काळी माती देणे म्हणजे पुढची कित्येक पिके हलकी येणे. टेकाड वाचले होते, पण आता तलावच होईल की नाही, हे सांगता येत नव्हते.

"पहिली खुंटी माझ्या वावरात ठोका," गुरुजी बसल्या जागेवरूनच म्हणाले. घरी विचारलं का, असे कुणीतरी म्हणाले. गुरुजींच्या पत्नी सुमनकाकू बायकांच्या घोळक्यात होत्या. "मला काय इचारता? रातीच सांगितलंय मी त्यांना. जांभळीखालची घ्या, तिथं जास्त खोल हाय."

मग गयाबाई सहज आवाजात म्हणाल्या, "आबा, तुमचं वावर गुर्जीच्या शेजारीच हाय नव्हं?"

"हाय की! मला ठाव हाय, माजंच हाय ते!" आबा चिडून म्हणाले. गुरुजींकडे बघत राहिले. "तुज्या टेकाडापायी माजी माती चालली बे तिरमक." मग माझ्याकडे वळून, "ठोका दुसरी. हातभरच घ्या. वितभर जास्ती घेतली तर बांधावर यीऊन बसन मी."

अंधार पडायच्या आत सातही वावरांत खुंट्या लागल्या. त्या दिवसाचे गुरुजींच्या वहीचे पान मी पुढे पाहिले. टेकाडाबद्दल त्यावर काहीच नव्हते. पहिल्या रकान्यात, 'दिसले'खाली, एक ओळ होती: सात जणांनी काळी दिली. बाकीचे दोन्ही रकाने कोरे होते.

बांध मृगाच्या आत पुरा झाला. त्या वर्षी पाऊस बेताचाच पडला आणि तलाव निम्मा भरला. गयाबाईंची नात त्या दसऱ्याला तोडीला गेलीच. पुढच्या दसऱ्याला गेली नाही. तिचे लग्न लांबले, ती बारावी झाली. हे सगळे तलावामुळे झाले असे मी म्हणणार नाही, पण तलावाच्या आधी ते झाले नव्हते.

गुरुजींच्या माणुसकीबद्दल एक आठवण लिहिते, कारण ती त्यांच्याशिवाय मलाच माहीत आहे. चुकीच्या नमुन्याबद्दल माझ्या कार्यालयाने खुलासा मागितला, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष म्हणून गुरुजींनी एक पत्र दिले. त्यात माझे कौतुक नव्हते, माझी बाजूही घेतलेली नव्हती. नमुना कुठून घेतला गेला, चूक कोणत्या दिवशी लक्षात आली, ती कुणी सांगितली आणि किती वेळात सांगितली, एवढेच होते. नोकरी राहिली. मी आभार मानायला गेले तेव्हा त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "ते भरावाचं पान आहे. चूक कशी झाली ते तुमच्या हातानं लिहा. उद्या कुणी नमुना घ्यायला आलं तर उपयोगी पडेल." मी लिहिले. माझ्या चुकीला कुणी इतकी स्वच्छ जागा दिल्याचे मला आठवत नाही.

पेव आम्ही मातीने पुन्हा बुजवले. पुढे जाणकार लोक आले, त्यांनी टेकाड पाहिले, नोंद केली. गुरुजींच्या वह्या त्यांनी दोन दिवस बसून वाचल्या. गुरुजींनी फक्त एवढे विचारले, की पेव एका घराचे की सगळ्यांचे, हे कधी कळेल का. कदाचित, असे उत्तर मिळाले. ते उत्तर तिसऱ्या रकान्यात आहे.

आज गुरुजी पंच्याहत्तर वर्षांचे झाले. मोतीबिंदू काढल्यापासून खापरांचे रंग पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात, असे ते पत्रात लिहितात, आणि जुन्या नोंदींतले रंग तपासून पुन्हा दुरुस्त करतात. रविवारी टेकाडावर जातात. चढ पूर्वीपेक्षा वाढला आहे, अशी त्यांची तक्रार आहे. टेकाडाची उंची बदललेली नाही, हे मी मोजून कळवले आहे.

मी वीतभर सरकवलेली ती खुंटी अजून तिथे आहे. तिच्याशेजारची चूल गुरुजींनी आजवर उघडलेली नाही. रीतसर खोदाई होईल तेव्हा आपण दोघे हजर राहू आणि त्या चुलीवर शेवटचे काय शिजले होते ते पाहू, असा शब्द त्यांनी मला दिला आहे. अशा खोदाईला परवानगी, माणसे आणि बरीच वर्षे लागतात. ती सगळी वर्षे गुरुजींना निरोगी शरीराने, शाबूत दृष्टीने आणि हातात वही असताना मिळावीत, ही माझी इच्छा आहे. दिलेला शब्द मोडल्याची नोंद त्यांच्या वहीत एकही नाही. ही पहिली होऊ नये.